फ्लॉपीवरचं कुंकू

आधीच सांगून टाकतो, नावं गेली नाहीत. ही हकीकत मी ज्यांना ज्यांना सांगितली, त्यांनी मध्येच थांबवून हेच विचारलं, आणि दर वेळी ‘नाही गेली’ म्हणताना मला त्या रविवारसारखंच मोकळं वाटलं.

नावं म्हणजे मोतीबिंदूच्या पेशंटांची. मी तेव्हा धुळ्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. गाव शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. कॉलेज सुटलं की मी डोळ्यांच्या एका डॉक्टरांकडे कामाला जायचो. डॉक्टर मूळचे पुण्याकडचे, स्वभावाने चांगले, पण अहिराणी त्यांना अर्धीच कळायची. खेड्यातली म्हातारी माणसं ‘डोयासमोर धूर येस’ म्हणाली, की डॉक्टर माझ्याकडे बघत. मी ‘धुरकट दिसतं म्हणतात’ असं सांगायचो. सुरुवातीला मला एवढंच काम होतं.

पुढे डॉक्टरांनी कॉम्प्युटर घेतला. मी सुट्टीत असोद्याला मामांकडे राहून जळगावला तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, म्हणून तो सांभाळायचं कामही माझ्याकडे आलं. कोर्स केला म्हणजे मला सगळं येत होतं असं नाही. पण डॉक्टरांना त्यातलं काहीच येत नव्हतं, त्यामुळे मला थोडं येतं हे तिथे पुष्कळ वाटायचं. मलासुद्धा.

त्या वर्षी पावसाळा सरत आल्यावर आम्ही दर रविवारी जीपने गावोगाव जाऊन डोळे तपासले. ज्याचं ऑपरेशन करायचं त्याची एक चिठ्ठी व्हायची. तिच्यावर नाव, गाव, कोणता डोळा, साखर आहे की नाही, असं सगळं. तीनशेच्या वर चिठ्ठ्या झाल्या. मी त्या सगळ्या कॉम्प्युटरमध्ये घातल्या. ऑपरेशनचं शिबिर थंडीत, डिसेंबरमध्ये होतं आणि त्याआधी पंधरा दिवस प्रत्येकाला पोस्टकार्ड जायचं होतं. गावातून निघताना डॉक्टर सगळ्यांना एकच सांगत, ‘पत्र येईल, मग या. पत्र आल्याशिवाय येऊ नका.’ ते मी अहिराणीत सांगायचो, आणि म्हातारी माणसं मान डोलवायची. ती पत्राची वाट बघणार होती. त्यांत माझे वडीलही होते. त्यांचा उजवा डोळा. आमच्या गावात तपासणी होईपर्यंत त्यांनी घरात कोणाला त्याबद्दल एक शब्द सांगितला नव्हता.

आता माझ्या चुका सांगतो. त्या एकीत एक अडकलेल्या आहेत, म्हणून क्रमाने सांगाव्या लागतील.

खंडेनवमीच्या आधी दवाखान्याची साफसफाई निघाली. दवाखान्यात एक अक्का होत्या. झाडण्यापासून ऑपरेशनच्या टेबलाशी कापूस-पट्टी देण्यापर्यंत सगळं त्याच करत. त्यांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा उचलून विचारलं, “हाई बठ्ठं फेकी देऊ का?”

“फेका, अक्का. कॉम्प्युटरमा शे बठ्ठं,” मी म्हणालो. ‘सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे’ हे वाक्य मी फार ऐटीत म्हणालो होतो. गठ्ठा रद्दीत गेला.

दुसऱ्या दिवशी पूजा मांडली. पाटावर चष्म्याचा नंबर काढायच्या भिंगांची पेटी, कात्र्या, चिमटे, डॉक्टरांची टॉर्च. कॉम्प्युटरला झेंडूचा हार. माझ्याकडे दोन महत्त्वाच्या फ्लॉप्या होत्या, त्याही मी मांडल्या. एक होती कॉम्प्युटर स्वतःहून सुरू झाला नाही तर त्याला सुरू करायची, आणि दुसरीवर सगळ्या नावांची प्रत. त्या काळातली सव्वापाच इंची फ्लॉपी आता कोणाला आठवत नसेल. पातळ, चौकोनी, काळी, कागदी पाकिटात ठेवायची. तिला मध्ये एक लांबट खिडकी असते आणि त्या खिडकीतून आतली तपकिरी चकती उघडी दिसते. यंत्र तिथूनच वाचतं. तिथे बोट लावायचं नाही, हे आम्हाला कोर्सच्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

मी फ्लॉप्या पाकिटातच ठेवल्या होत्या. अक्का म्हणाल्या, “देवले कोनी कपडामा गुंडाळीसन पूजस का? काढ ते.”

मी काढलं. डॉक्टर सोवळं नेसून पूजेला बसले. हळद, कुंकू, अक्षता. काळ्या फ्लॉपीवर कुंकू लावायचं तर कुठे लावायचं? ती खिडकीच कपाळासारखी दिसत होती. डॉक्टरांनी दोन्ही फ्लॉप्यांना तिथेच बोट टेकवलं. ते मी पाहिलं. कोर्समध्ये शिकलेलं मला त्या वेळी आठवलं नाही असंही नाही. पण पूजेला बसलेल्या माणसाला ‘तिथे नको’ कसं म्हणायचं? आणि नंतर पुसायचं म्हटलं, तर आमच्याकडे लावलेलं कुंकू कोणी पुसत नाही. ते आपोआप जाईल तेव्हा जाईल. दसऱ्यानंतर मी दोन्ही फ्लॉप्या जशाच्या तशा पाकिटात घालून कपाटात ठेवल्या.

दिवाळीत असोद्याला गेलो, तेव्हा जळगावला कोर्सच्या ठिकाणी सहज डोकावलो. तिथे डॉसची, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅमची, नवी आवृत्ती आली होती. कॉम्प्युटरमध्ये एक लहानसा प्रोग्रॅम असतो, कमांड डॉट कॉम नावाचा. आपण जे टाइप करतो ते तो ऐकून घेतो आणि आत पोचवतो. मी तो तहसील कचेरीच्या खिडकीतल्या कारकुनासारखा समजून घेतला होता. अर्ज त्याच्याच हातात द्यायचा, आतल्या साहेबाशी आपली गाठ पडत नाही. नव्या आवृत्तीत वरच्या बाणाची कळ दाबली की मागची आज्ञा परत पडद्यावर येत होती. मी बघतच राहिलो. गावागावाची यादी काढताना मला तीच लांबलचक ओळ पुन्हा पुन्हा टाइप करावी लागायची, आणि इंग्रजी स्पेलिंग चुकलं की परत पहिल्यापासून. मला वाटलं, आपला कारकून बदलला पाहिजे. मी ती एक फाइल कोऱ्या फ्लॉपीवर उतरवून घेतली. शिकवणाऱ्या मॅडम तिथेच होत्या, पण त्यांना विचारायची भीड पडली. विचारलं तर अडाणी ठरू, ही भीती मला कॉलेजात सगळीकडेच असायची.

पोस्टकार्डं सोमवारी लिहायला घ्यायची होती. शनिवारी डॉक्टर लग्नाला नाशिकला गेले, रविवारी संध्याकाळी येणार होते. ते यायच्या आत सुधारणा करून ठेवावी आणि त्यांना बाणाची कळ दाबून दाखवावी, असं माझ्या मनात होतं. त्याच शनिवारी सकाळी मी नवी फाइल जुनीवर उतरवली. ‘एक फाइल कॉपी झाली’ असं पडद्यावर आलं. मी समाधानाने कॉम्प्युटर बंद केला आणि परत सुरू केला.

पडद्यावर दोन ओळी आल्या. डॉसची आवृत्ती चुकीची आहे, आणि आज्ञा ऐकणारा खराब आहे किंवा सापडत नाही. तेवढंच. पुढे काही टाइपच होईना. पाच-सहा वेळा बंद-चालू केलं. दर वेळी त्याच दोन ओळी.

मग कपाटातून ती सुरू करायची फ्लॉपी काढली. पाकीट उघडताच कुंकवाचा भुगा टेबलावर सांडला. तरी मी ती यंत्रात घातली. आतून खरडल्यासारखा आवाज आला, दिवा लागला, विझला, आणि पडद्यावर आलं की ही चालणारी डिस्क नाही. मी फ्लॉपी काढून रुमालाने पुसली. त्यामुळे चकतीवर एक गोल ओरखडा उमटला. दुसऱ्या फ्लॉपीवर नावं होती. तिचं पाकीट मी थोडंसंच उघडलं, आत लाल दिसलं, आणि परत मिटलं.

अक्का दारात उभ्या होत्या. “काय व्हयनं? तोंड का बरं उतरनं तुनं?”

मी सगळं सांगितलं. फाइल, आवृत्ती हे त्यांना कळलं नाही, पण चिठ्ठ्या रद्दीत गेल्या होत्या आणि रद्दीवाला त्यांनीच बोलावला होता, त्यामुळे मुख्य ते लगेच कळलं.

“डॉक्टरले सांग,” त्या म्हणाल्या.

“कसं सांगू, अक्का?”

“तोंडघाई सांग. आखो कसं?”

तोंडाने सांग, आणखी कसं! मला हसूही आलं आणि रडूही. मी म्हणालो, आधी जळगावला जाऊन येतो. पुन्हा त्या गावांना जाऊन तपासणी करायची तर शिबिर पुढच्या थंडीवर जाणार, हे मला दिसत होतं. वडील एक वर्ष आणखी थांबले असते. काही बोललेही नसते. तेच मला नको होतं.

पारोळा, एरंडोल करत एस.टी. जळगावला पोचली तेव्हा दुपार कलली होती. मॅडम कुलूप लावायच्या बेतात होत्या. मी त्यांच्यापुढे कुंकवाची फ्लॉपी ठेवली.

“हे काय? रक्त लागलंय का?”

“कुंकू आहे, मॅडम. खंडेनवमीचं.”

त्यांनी फ्लॉपी उजेडाकडे धरली, माझ्याकडे पाहिलं, आणि खुर्चीत बसून इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. “अरे, आम्ही कीबोर्डवर तीर्थ शिंपडलं होतं. चार कळा अजून अडकतात. बोल पुढे.”

त्यामुळे मला पुढचं सांगता आलं. नवी फाइल न विचारता नेली हेही सांगितलं. त्यांचं हसू गेलं. “एकच फाइल नेलीस? अरे, ती एकटी चालत नाही. तिच्याबरोबर आणखी दोन असतात, लपवलेल्या. यादीत दिसत नाहीत. तिन्ही एकाच आवृत्तीच्या लागतात. तू खिडकीतला माणूस बदललास आणि आतलं ऑफिस जुनंच ठेवलंस. त्यांचं जमेल कसं?”

म्हणजे मॅडमसुद्धा खिडकीच्याच भाषेत बोलत होत्या. मला जरा धीर आला. “मग नावं, मॅडम?”

“नावांना काय झालंय? ती आहेत तिथेच आहेत. दार उघडणारा चुकीचा आहे एवढंच.”

“नक्की?”

“दुसरं काही केलं नसशील तर नक्की. आणि ती बाणाची कळ ना, ती त्या फाइलीत नाहीच. तो वेगळाच प्रोग्रॅम आहे.”

म्हणजे ज्याच्यासाठी हे सगळं केलं, ते मी नेलंच नव्हतं. मॅडमनी दोन फ्लॉप्या तयार करून दिल्या. एक जुन्या आवृत्तीची, एक नव्याची. “जुनी आत्ता. होतं तसं करून घे. नवी शिबिर झाल्यावर, आणि डॉक्टरांना विचारून.” मी निघालो तशी त्यांनी परत हाक मारली. “थांब, कुंकवाची यंत्रात घातली होतीस का? मग आत वाचणाऱ्या डोक्याला कुंकू लागलं असेल. ते पुसल्याशिवाय ही घालू नको, नाहीतर हीही जाईल. कव्हर उघड. स्पिरिट, कापूस, हलका हात. डोळ्यांच्या दवाखान्यात कापूस असेल की नाही?”

रात्री असोद्याला राहिलो. मामींना सांगितलं की या फ्लॉप्या फार जपायच्या आहेत. त्या म्हणाल्या, “देवापुढे ठेवते.”

“नको, मामी. देवापुढे नको!” मी इतक्या जोरात म्हणालो की मामा बाहेरून आत आले.

रविवारी सकाळच्या एस.टी.त खिडकीशी जागा मिळाली. फ्लॉप्या वहीत, वही मांडीवर. एरंडोलला एक गृहस्थ चढले आणि शेजारी बसले. त्यांच्या मांडीवर पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी गोल आणि जड होतं.

“काय शे हाई?” मी विचारलं.

“भोंगा शे. दुरुस्तीले ली जाई राहिनू.”

भोंग्यात लोहचुंबक असतं, आणि चुंबकाजवळ फ्लॉपी नेऊ नये हेही आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. या वेळी मी भीड ठेवली नाही. उठून उभा राहिलो.

“बस ना भाऊ, चावत नही तो,” ते म्हणाले.

मी हसलो, पण धुळ्यापर्यंत पुढच्या दाराजवळ उभाच राहिलो, वही छातीशी धरून. त्यांना मी काय वाटलो असेन कोण जाणे.

दवाखान्यात अक्का वाटच बघत होत्या. कॉम्प्युटरचे स्क्रू काढून कव्हर बाजूला ठेवलं. यंत्राच्या आत, पट्टीसारख्या दोन दांड्यांच्या टोकाला ते वाचणारं डोकं होतं, ज्वारीच्या दाण्याएवढं. त्याच्यावर लालसर थर दिसत होता. मी काडीला कापूस गुंडाळला, पण त्याचे तंतू बाहेर लोंबत होते. अक्कांनी काडी माझ्याकडून घेतली, माझा कापूस काढून टाकला आणि त्यांच्या पद्धतीने नवा गुंडाळला, टोकाला बारीक, एकही तंतू बाहेर नाही. स्पिरिटमध्ये बुडवून पिळला. “टॉर्च धर,” त्या म्हणाल्या.

तेवढ्यात मागून आवाज आला, “काय चाललंय?”

डॉक्टर लवकर आले होते. लग्नाचा कोट अजून अंगावर होता. टेबलावर स्क्रू, उघडा कॉम्प्युटर, स्पिरिटचा वास. मी सांगायला लागलो. फाइल मी बदलली. तुम्हाला विचारलं नाही. चिठ्ठ्या रद्दीत गेल्या, त्याही माझ्या सांगण्यावरून. कुंकवाचं सांगताना मात्र अडखळलो, आणि नुसती फ्लॉपी पुढे केली.

डॉक्टरांनी ती हातात घेऊन कुंकवाशेजारी आपलं बोट धरलं. मग म्हणाले, “हे बोट माझं आहे. एवढा मोठा टिळा मीच लावतो. घरी पण ओरडतात.” त्यांनी फ्लॉपी खाली ठेवली. “तू बघत होतास ना? मग बोलला का नाहीस?”

“तुम्ही पूजेला बसला होता.”

डॉक्टरांनी कोट काढून खुंटीला लावला. “सरक. टॉर्च मी धरतो.”

डॉक्टरांनी टॉर्च धरली आणि अक्कांनी ते डोकं पुसलं, ऑपरेशनआधी पापणी पुसतात तसं, आतून बाहेर, दर वेळी नवा कापूस. पहिला लाल निघाला, दुसरा गुलाबी, चौथा पांढरा.

“व्हयनं,” अक्का म्हणाल्या.

स्पिरिट उडून जाईपर्यंत आम्ही तिघं नुसते बसून राहिलो. मग मी मॅडमची जुन्या आवृत्तीची फ्लॉपी घातली आणि बटण दाबलं. खरडल्याचा आवाज आला नाही. तारीख विचारली, वेळ विचारली, आणि खाली ते चिन्ह लुकलुकायला लागलं, आज्ञेची वाट बघणारं. मी जुनी फाइल परत जागेवर उतरवली, फ्लॉपी काढली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तो स्वतःहून सुरू झाला. मग मी ती लांब ओळ टाइप केली. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा नावं वर सरकायला लागली, एकामागून एक.

“बठ्ठा शेतस का?” अक्कांनी विचारलं.

“बठ्ठा शेतस.”

डॉक्टर म्हणाले, “आधी कागदावर छाप. सगळी. मग चहा.” प्रिंटर दुपारभर करकरत होता. त्याचा तो आवाज मला एरवी नकोसा व्हायचा. आमच्या गावाचं पान आलं तेव्हा मी ते हातात घेऊन वाचलं, आणि गठ्ठ्यात ठेवलं. ‘यापुढे पूजेत फ्लॉपी पाकिटात,’ असं डॉक्टरांनी ठरवलं. अक्कांनी त्यावर विचारलं, मग पाकिटावर कुंकू लावलं तर चालेल ना? चालेल, डॉक्टर म्हणाले.

सोमवारी पोस्टकार्डं लिहायला घेतली, गुरुवारपर्यंत सगळी पेटीत पडली. नवी आवृत्ती आम्ही जानेवारीत घातली. तिन्ही फाइली एकत्र, डॉक्टर शेजारी बसलेले, आणि नावांच्या दोन प्रती कपाटात. काही अडलं नाही. बाणाची कळ चालली. डॉक्टरांनी ती इतक्या वेळा दाबली की मला ‘पुरे’ म्हणावं लागलं, आणि मी ते म्हणालो.

पण त्याआधीचं एक राहिलं. शिबिराच्या आदल्या दिवशी दुपारी वडील आले. पांढरा सदरा, खिशात पोस्टकार्ड, दुमडून चार घड्या केलेलं. लिहिता-वाचता त्यांना येत नव्हतं. पत्र गावातल्या मास्तरांनी वाचून दाखवलं होतं. त्यांनी कॉम्प्युटरकडे बघून विचारलं, “हाऊ का तो? मनं नाव यामाच शे?”

मी आज्ञा टाइप केली आणि त्यांच्या नावाची ओळ काढून दाखवली. ते वाकून, चांगला डोळा पडद्याजवळ नेऊन बघत राहिले.

“उजवा लिखेल शे ना?”

“उजवाच लिखेल शे, आबा.”

“मंग ठीक शे,” ते म्हणाले, आणि बाकड्यावर जाऊन रांगेत बसले.